बायकांच्या बाजूचा सिनेमा

सिनेमाला चल म्हटलं की हल्ली माझे पाय आधी दुखायला लागतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी म्हणजे चाकणच्या बाजारतळावर तंबू लागायचा तेव्हा मी आईला नुसतं भंडावून सोडायची. आता कारखान्यात दिवसभर उभं राहून बाटल्यांना लेबलं डकवायची, घरी येऊन स्टोव्ह पेटवायचा, आणि वर पुन्हा बाकावर बसून दुसऱ्यांच्या घरातली भांडणं बघायची. कशाला? घरात काय कमी आहेत? पण त्या दिवशी नवऱ्यानं तिकिटं काढूनच आणली होती. पिंपरी कॅम्पाजवळच्या पत्र्याच्या थेटरात एक जुना सिनेमा लागला होता. नाव ऐकलं आणि मला नाही म्हणता येईना. तो आमचा सिनेमा होता. म्हणजे खरं सांगायचं तर अनसाआत्याचा.

अनसाआत्या माझी कुणी लागत नव्हती. चाकणात ती सगळ्यांचीच आत्या. कांद्याच्या वखारीत बसून कांदे निवडायचं काम करायची. मोठा कांदा एका ढिगात, बारकी गोलटी दुसऱ्यात, सडका पाठीमागे. तिला बघावं लागत नसे, हातच निवडायचे. उंच, काटक बाई, लुगडं घोट्याच्या वर आणि चोळीच्या बाह्या मनगटापर्यंत. भर उन्हाळ्यातसुद्धा. कारण तिला कोड होतं. हातावर सुरू झालेलं, मला आठवतं तेव्हा मानेवर चढलेलं आणि ओठाच्या एका कडेला टेकलेलं. नुसते पांढरे चट्टे, ना खाज ना दुखणं. पण लोकांना कोण समजावणार? वखारीत बायका ओळीनं बसायच्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी असायची. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. आमच्याकडे तिची कपबशी गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली. ती यायची, चहा प्यायची, कपबशी स्वतः धुऊन पालथी घालायची आणि मला म्हणायची, "तुझी आई मला बस म्हणती, पर पाट काय देत न्हाई बघ." आई ओशाळून हसायची. आत्याही हसायची. पाट काही निघायचा नाही.

तिला खडकीला दिलेली होती. नवरा, रंगनाथ मिस्त्री, तिथल्या एका वर्कशॉपात कामाला. शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा. पलीकडच्या खोलीतल्या खालाशी बोलता बोलता आत्या ती भाषा शिकली. पहिल्या बाळंतपणानंतर हातावर पहिला डाग दिसला. सासूनं तान्ही पोर उचलून आपल्याकडे घेतली आणि हिला चाकणच्या मोटारीत बसवून दिलं. औषधपाणी करून बरी होऊन ये म्हणाले. ती बरी झाली नाही आणि त्यांनी बोलावलं नाही. मिस्त्रीनं दुसरी केली. हे सगळं मला आईनं सांगितलं, तेही दार लोटून घेऊन. आत्यानं तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही. फक्त बाजाराच्या दिवशी पुण्याकडची मोटार यायच्या वेळेला ती काम टाकून मोटारथांब्यावर जायची आणि उतरणाऱ्या बायकापोरींकडे बघत उभी राहायची. कुणी विचारलंच, "आत्या, कुणाची वाट बघताय?" तर म्हणायची, "वाट कुणाची? माणसं बघते. फुकटचा सिनेमा हाय ह्यो." मोटार रिकामी झाली की परत वखारीत.

तंबू यायचा तो सुगी आटोपल्यावर. दिवेलागणीला इंजिन फटफटायला लागलं की आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या सुटायच्या. तंबूच्या मधोमध कापडाची कनात. पलीकडे पुरुष, अलीकडे बायका आणि आम्ही चिल्लीपिल्ली. पुरुषांतले बरेचसे खडकी-दापोडीला नोकरीला, त्यांना हिंदी समजायचं. बायकांच्या बाजूला एकीलाही नाही. पडद्यावर माणसं तावातावानं बोलायची आणि अलीकडे नुसती कुजबुज, "काय म्हनतुया गं ह्यो? का रडती गं ही?" मारामारी असली तर प्रश्न नसे. पण घरगुती सिनेमात सगळं बोलण्यावरच चालतं.

अशीच कुजबुज चालली असताना एकदा मागच्या अंधारातून आवाज आला, "त्यो थोरला म्हनतुया, धाकल्याला वाटणी देणार न्हाई."

सगळ्या वळल्या. कडेच्या खांबाला टेकून अनसाआत्या एकटीच बसली होती.

"मग? धाकला काय म्हनला?"

"बोलू तर द्या त्याला! तुमीच बोलाय लागल्यावर त्यो काय बोलंल?"

त्या दिवसापासून ती बायकांच्या बाजूची सांगणारी झाली. तंबूवाला आधी कटकट करायला आला, कनातीच्या पलीकडे आवाज जातो म्हणून. पण बायकांची गर्दी दुप्पट झाल्यावर त्यानं स्वतःच तिच्यासाठी मधल्या खांबापाशी घोंगडी अंथरून ठेवली. तिला तिकीट नव्हतं. आणि मग एक गंमत व्हायची. मला तेव्हा ती गंमत वाटायची, आता वाटत नाही. दिवसा जिच्या शेजारी माणसाची जागा सोडायच्या, त्याच बायका अंधार झाला की तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. एकीचा हात तिच्या खांद्यावर, दुसरीचं पोर तिच्या पुढ्यात. माझं डोकं तर तिच्या मांडीवर असायचं आणि आई काही म्हणायची नाही. मधल्या सुट्टीत बत्ती पेटली की पुन्हा सगळं पहिल्यासारखं. त्यांना सरकावं लागू नये म्हणून आत्या आधीच उठून कडेला जायची, पदर पुढे ओढून. बत्ती विझली की, "या गं बायांनो, कुठं ऱ्हायलं व्हतं?"

तिचे नियम होते. रडायचं असेल तर तोंडात पदर धरून रडा, मला ऐकू येत नाही. पुढं काय होणार ते विचारायचं नाही. आणि गाणं लागलं की ती गप्प. "गाण्यात सांगायचं काय? गाणं कळतंच की," म्हणायची. त्या एका सिनेमात गाणी चिक्कार होती. मोठं खटल्याचं घर, तिघे भाऊ, त्यांच्या बायका, घरभर पोरं आणि पेटी घेऊन बसणारा एक जाडा काका. काकानं पेटीवर सूर धरला की सगळं घर गायला लागायचं, स्वयंपाकीणबाईसुद्धा. त्या घराच्या दारात एका दुष्काळात एक गरीब बाई आपली तान्ही मुलगी ठेवून जाते. घरातली थोरली सून तिला पोटची म्हणून वाढवते. आणि काही वर्षांनी तीच गरीब बाई मोलकरीण होऊन त्या घरात कामाला येते. कुणाला सांगत नाही. पोरीचे केस विंचरते, तिला झोपवताना अंगाई म्हणते, आणि ती पोर मोठी होऊन तिच्यावर तोरा दाखवते तोही मुकाट सोसते. शेवटी मुलीचं लग्न. मांडवात ती मुलगी तीच अंगाई गाते, आणि मोलकरीण बोचकं घेऊन मागच्या दारानं निघून जाते. संपला.

आम्हांला आत्यानं असा सांगितला नव्हता. ती मुलगी मोलकरणीवर ओरडते, हातातला तांब्या भिरकावते, तिथं सगळ्या बायका "काय गं बया कारटी!" म्हणून करवादल्या तेव्हा आत्या ठासून म्हणाली, "न्हाई गं. वरवर बोलती ती. तिला समदं ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"ही आपली आई हाय म्हून. पैल्यापासनं ठाव हाय तिला. पर घरात बोलायची चोरी. बोलली तर आईला हाकलत्याल, म्हून आशी वागती."

मग काय, आमचा सिनेमाच फिरला. मुलगी चिडली की बायका हळहळायच्या, बिचारीला किती सोंग करावं लागतं म्हणून. आणि शेवटी ती मांडवात अंगाई गायला लागली की बायकांच्या बाजूला हुंदके फुटायचे. ती आईला सांगतेय, गाण्यातनं सांगतेय, की मला ठाव आहे. गाणं चालू, म्हणून आत्या गप्प. पण सांगायची गरजच नव्हती.

कनातीच्या पलीकडे मात्र भलताच सिनेमा चालू होता. माझे वडील दापोडीला कामाला होते, आठवड्यानं घरी यायचे. तंबूतून घरी परतताना त्यांची आणि आईची जुंपली.

"माजलेली कारटी," वडील म्हणाले. "सख्ख्या आईला चालती हो म्हणते!"

"वरवर म्हणते," आई म्हणाली.

"वरवर काय? तिला काय माहीत ती आई आहे म्हणून?"

"माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे."

"अगं, मी कानांनी ऐकलं!"

"तुम्ही पुरुषांच्या बाजूला होतात," आई म्हणाली, आणि तो विषय तिथं संपला.

असं घरोघरी झालं. निघोज्याहून गाडी जुंपून आलेलं एक जोडपं या पायी आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हतं म्हणे. दुसऱ्या खेळाला त्यातला नवरा कनातीपाशी येऊन ओरडला, "ओ बाई! न्हाई ते काय सांगता बायकांना? पोरीला कायबी ठाव न्हाई!" आत्यानं जागचं न हलता उत्तर दिलं, "तुमच्या बाजूला नसंल ठाव. आमच्या बाजूला ठाव हाय." बायकांनी असा काही गलका केला की तो माघारी जाऊन बसला. मी आत्याच्या मांडीवर होते. तिचं अंग थरथरत होतं. मला वाटलं हसतेय.

तर असा तो सिनेमा. पुढं माझं लग्न झालं, पिंपरीला आले, कारखान्यात लागले. आमच्या टेबलावर कॅम्पातल्या सिंधी बायका, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, सगळ्या. दिवसभर आपसांत हिंदीच. मलाही यायला लागलं, कसंबसं. म्हणजे पत्र्याच्या थेटरात नवऱ्याशेजारी बसून मी तो सिनेमा पहिल्यांदा कानांनी ऐकला. काय सांगू? घराच्या भिंती रंगवलेल्या पडद्याच्या होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. जाडा काका बिलकूल हसवेना. पेटीचं गाणं तेवढं अजून चांगलं होतं. आणि ती मुलगी. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी शेवटपर्यंत वाट बघितली, की एखाद्या वाक्यात, एखाद्या नजरेत तरी असेल. ती मांडवात मैत्रिणींकडे बघून हसत गात होती, आणि मागच्या दारानं बाई गेली तेव्हा तिचं लक्षही नव्हतं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "एवढं काय रडतेस?" मी म्हटलं, दमलेय. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर सिनेमाचा विषय निघाला. माझ्या शेजारी कुसुम नावाची मुलगी काम करायची. दापोडीत वाढलेली, नुकतंच लग्न होऊन पिंपरीला आलेली, गोरीपान, हसरी, हाताला चपळ. म्हणाली, "मला पण ने की गं. सासूबाई तुझ्याबरोबर सोडतील." मग मी चाकणची म्हटल्यावर म्हणाली, "माझी आई पण चाकणची होती. मी तान्ही असतानाच वारली. दुसऱ्या आईनंच केलं माझं. चांगलं केलं हां."

माझा हात बाटलीवरच थांबला. वडिलांचं नाव विचारलं. रंगनाथ मिस्त्री. पूर्वी खडकीला होतो म्हणाली.

पुढच्या सुट्टीला मी चाकणला गेले. आत्या वखारीत होती, ओळीत, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. कोड आता गालावर पसरलं होतं. मी तिला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. ती हातातला कांदा सोलत राहिली, साल उडाली, तरी सोलत राहिली. मग तिनं विचारलं, "हात कसं हायेत तिचं?"

"म्हणजे?"

"डाग?"

"नाही आत्या. स्वच्छ आहेत."

"दोनी?"

"दोन्ही. तोंडही. सगळी स्वच्छ आहे."

तिनं खाली बसून घेतलं. मी म्हटलं, "तिला सांगू का? चांगली आहे हो मुलगी. हाकलणार नाही तुम्हांला."

तशी ती माझ्यावर खेकसलीच. "शानी हायेस का? तिच्या सासरी कळलं म्हंजे? आयला कोड हाय म्हनल्यावर लेकीला येणार, आसंच म्हनत्याल. तिला बी चाकणच्या मोटारीत बसवून देत्याल. मी मेली म्हून सांगितलंय ना तिला? ब्येस केलं. ऱ्हाऊ दे." मग जरा थांबून, एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "पर मला एकडाव तिच्याजवळ बसायचंय गं. त्या थेटरात अंधार आसतो न्हवं?"

"असतो."

"मग तिला तिथं घिऊन ये. माझं नाव सांगू नगंस. गावाकडची आत्या म्हन. अंधारात मी बरी आसते."

सिनेमा महिना झाला तरी उतरला नव्हता, कॅम्पातल्या बायकांनी तो उचलून धरला होता. रविवारचा दुपारचा खेळ ठरला. मी आणि कुसुम बाकावर मध्ये एक जागा राखून बसलो. दिवे गेले, पडद्यावर पेटीवाला काका आला, आणि आत्या अंधारात चाचपडत आमच्यापर्यंत आली. अंगावर धुवट लुगडं. कांद्याचा वास जाईना म्हणून हात माती लावून घासले होते, ते नंतर मला तिच्या नखांवरून कळलं. ती आमच्या मधे बसली.

"या आत्या," कुसुम म्हणाली. "बसा नीट. दिसतंय ना?"

"दिसतंय," आत्या म्हणाली. तेवढंच.

मला वाटलं होतं, आता ती सांगायला लागेल. सवयीनं तिनं सुरुवात केलीही. थोरला भाऊ बोलायला लागला आणि ती पुटपुटली, "त्यो म्हनतुया..." तोच पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "चुप करो ना, माई. सबको समझता है." खरंच होतं ते. तिथं सगळ्यांना समजत होतं. आत्या गप्प झाली. मला इतका राग आला त्या बाईचा! पण कुसुमला वेगळंच वाटलं. तिला वाटलं, ही खेड्यातली म्हातारी, हिला काही कळत नाही, अंदाजानं बोलतेय. ती आत्याच्या कानाशी वाकली आणि हळूच मराठीत सांगायला लागली. "तो म्हणतो, धाकट्याला वाटा देणार नाही. कळलं का आत्या?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"ती बाई बघा, तिनं आपली मुलगी त्यांच्या दारात ठेवली. दुष्काळ आहे ना, खायला नाही."

"व्हय का?"

आणि आत्या ऐकत राहिली. जो सिनेमा तिनं तंबूत तोंडपाठ करून शेकडो बायकांना सांगितला, तो ती कोरी होऊन लेकीच्या तोंडून ऐकत राहिली. मधेच मुद्दाम चुकीचंही विचारायची, "ह्यो कोन, तिचा दीर व्हय?" म्हणजे कुसुमला जास्त बोलावं लागायचं. कुसुम न कंटाळता सांगत होती. तिचं तोंड आत्याच्या कानाला लागलेलं, एक हात आत्याच्या दंडावर. मी पडद्याकडे बघितलंच नाही.

मधल्या सुट्टीत दिवे लागले. मी घाबरले. आत्यानं झटक्यात पदर नाकापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. "उजेड सोसत न्हाई डोळ्यास्नी," म्हणाली. उठून जायला तिला वाटच नव्हती, बाकांच्या फटीत माणसं उभी. कुसुमनं शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि म्हणाली, "घ्या ना." आत्या नको नको म्हणत होती. मी आपली उगाच मधे बोलत होते, कारखान्याचं, ओव्हरटाइमचं, काहीही. "घ्या हो आत्या, मी काय परकी आहे?" कुसुम म्हणाली. मग पदराखालून आत्याचा हात बाहेर आला. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरा.

कुसुमनं बघितलं. एक क्षण थबकली, नाही असं नाही. मग तिनं त्या हाताखाली आपला डावा हात धरला, दाणे सांडू नयेत म्हणून, आणि पुडी ओतली. आणि पुढं बोलायला लागली, तिची सासू देवाधर्माची कशी आहे, विटाळ किती पाळते, नळाचं पाणीसुद्धा गाळून कसं घेते. आत्यानं ते दाणे मुठीत धरून ठेवले. खाल्ले नाहीत.

पुन्हा अंधार झाला. ती मुलगी मोलकरणीवर ओरडली, तांब्या भिरकावला. कुसुम "अगं बाई" म्हणाली आणि कानाशी लागून सांगितलं, "तिला माहीत नाही ना आत्या, म्हणून. माहीत असतं तर असं बोलली असती का?" शेवट आला. मांडव, सनई, आणि ती अंगाई. मोलकरणीनं बोचकं उचललं. कुसुम रडत होती, आवाज न करता. सिनेमा संपता संपता तिनं विचारलं, "आत्या, तुम्हांला काय वाटतं? आतून तरी कळलं असेल का हो तिला?"

या प्रश्नाचं उत्तर आत्याच्या तोंडून मी लहानपणी किती वेळा ऐकलं होतं. सगळ्या चाकणनं ऐकलं होतं. नवऱ्यांशी भांडून बायकांनी ते खरं मानलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल. म्हण ना आत्या, एवढं तरी म्हण.

"न्हाई गं," आत्या म्हणाली. "तिला कुठनं कळणार? लगीन हाय तिचं. सुखात हाय. कशाला कळाय पायजे?"

आणि दिवे लागायच्या आत ती उठली. माणसांतून वाट काढत कडेच्या दारानं बाहेर पडली. आम्ही रस्त्यावर येईपर्यंत ती पार पुढं गेली होती, नाशिक फाट्याच्या दिशेनं, रस्त्याच्या अगदी कडेनं. कुसुम म्हणाली, "अगं, तुझी आत्या सांगूनसुद्धा नाही गेली!"

"तशीच आहे ती," मी म्हटलं.

"एकटीच असते का गं? एकदा घरी घेऊन ये त्यांना माझ्या. जेवायला. सासूबाईंना नाही चालायचं त्यांचं ते कोड. पण ते बघते मी काय करायचं ते."

मी आणते म्हटलं. घरी आले, स्टोव्ह पेटवला, पीठ मळलं, आणि पिठात हात घालून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. कुसुमला मी काही सांगितलं नाही, अजूनही नाही. आत्यानं नको म्हटलं होतं आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कधी कधी टेबलावर कुसुमचे हात भराभर चाललेले बघते आणि इतकं थकल्यासारखं होतं की काही विचारू नका.

निरोप मात्र मी पोचवला. आत्याला मी बघितली ती तेव्हा शेवटची. पुढच्या थंडीत ती गेली, मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. निरोप सांगितला त्या दिवशी ती वखारीत नेहमीच्या जागी होती. भर दुपार, डोक्यावरचा पदरही घसरलेला. मी वाकून तिच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "कशी म्हनली? तिच्याच बोलीत सांग." मी सांगितलं. "शेवटचं काय म्हनली?" म्हटलं, 'ते बघते मी काय करायचं ते,' असं म्हणाली. "पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिनं आणखी एकदा सांगायला लावलं आणि ओठ हलवत माझ्याबरोबर ते म्हणून बघितलं.

"मग येणार का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. त्यात काही विचार करण्यासारखं नव्हतंच. तिनं ढिगातला कांदा उचलला. मग मोकळ्या जागेपलीकडे बसलेल्या बाईकडे वळली आणि सगळ्या वखारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माझ्या लेकीनं जेवाय बोलावलंय मला."

ती बाई काम थांबवून बघायला लागली. "आत्या, तुला लेक हाय?"

"हाय की," आत्या म्हणाली. "पिंपरीला दिलीया."